ओट्यामागची हिरवी फळी

मित्रांनो, माजरीतल्या एका भाड्याच्या घरात, सैपाकघराच्या ओट्यामागे, गॅसच्या उजव्या हाताला मी उभी आहे. माझा रंग फिकट हिरवा आहे. चिंचेला कोवळा पाला फुटतो, तसा. घरात पाहुणे आले की माझ्यावरून हात फिरवून विचारतात, "टाइल हाय का ही?" मग घरातली प्रेमिला हसते आणि सांगते, "नाई हो, लाकूड हाय." मी खरोखरच लाकूड आहे. सागाची एक जुनी फळी. या भिंतीवर येण्याआधी एकोणीस वर्षं मी पाण्यात काढली.

पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात मनसाराम राहतात. ते गावच्या मोठ्या तलावात मासे धरतात. वनखात्याच्या लाकूड डेपोतून रीतसर घेतलेला सागाचा एक ओंडका त्यांनी सुताराकडे नेला आणि म्हणाले, "डोंगा पायजे. दोन माणसं अन् एक जाळं बसलं पायजे." डोंगा म्हणजे आमच्याकडची लहान नाव. सुतारानं ओंडका चिरला आणि त्यातून आम्ही फळ्या निघालो. आम्हांला रंधा मारला, खिळ्यांनी एकमेकींशी जोडलं, फटींत ताग ठासला आणि वरून डांबर चोपडलं. मला डाव्या कुशीत जागा मिळाली. मनसारामांची लेक प्रेमिला तेव्हा शाळेत जात होती. डोंग्याच्या तोंडाला कुंकू तिनंच लावलं.

ती वर्षं मला फार प्रिय आहेत. सकाळी तलावावर धुकं असायचं. मनसाराम माझ्यावर गुडघा टेकून जाळं ओढायचे. रोहू, कतला, कधी एखादी दांडगी मरळ आत पडायची आणि शेपटीनं मला थडाथड बडवायची. थंडीत शिंगाडे काढायला बायका आमच्यात बसायच्या आणि घरादाराच्या सगळ्या गोष्टी मोकळेपणानं बोलायच्या. दरवर्षी उन्हाळ्यात मनसाराम डोंगा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओढून पालथा घालायचे, खरवडायचे, पुन्हा डांबर द्यायचे. गावातले लोक म्हणायचे, "मनसारामभाऊनं डोंगा पोरीवानी ठेवला हाय." ते ऐकून आम्हांला बरं वाटायचं.

पुढे मच्छीमार सोसायटीला फायबरच्या नावा मिळाल्या. त्या हलक्या होत्या, त्यांना डांबर लागत नव्हतं. मनसारामांचे गुडघेही आता दुखत होते. त्यांनी डोंगा पाळीवर पालथा घातला आणि तो तसाच राहिला. पहिल्या वर्षी ते रोज येऊन पाहून जायचे. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा यायचे. तिसऱ्या वर्षी शेळ्या आमच्यावर चढून बसू लागल्या आणि जाता-येता कुणी ना कुणी विचारू लागलं, "भाऊ, जळतनाले देता का?" मनसाराम मान हलवून पुढे जायचे. देत नव्हते, पण आमच्याकडे बघतही नव्हते. मित्रांनो, कुणी रागावलं तर सोसतं. पण कुणी बघेनासं झालं की ते फार कठीण असतं.

फाल्गुनात गावात एक लग्न होतं. त्या लग्नाला प्रेमिला माजरीहून आली. ती तिथल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. दुपारी ती एकटीच पाळीवर आली, माझ्यावर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. थोड्या वेळानं मनसाराम तिला शोधत आले. ते जवळ बसले. मग तिनंच सांगितलं.

तिचा नवरा मिथुन रस्त्याकडेच्या एका गॅरेजात काम करत होता. दिवाळीच्या आधी जॅक सरकला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण माणूस उठेना. दिवसभर खाटेवर पडून राहायचा. गॅरेजवाल्यांनी दोनदा निरोप पाठवला, तरी गेला नाही. जेवताना हात पदराखाली लपवावा तसा रुमालाखाली लपवायचा.

"हे दिवसभर एकच गोष्ट बघते," प्रेमिला म्हणाली. "मोबाइलवर एक माणूस सैपाकघराच्या भितीले लाकडाच्या फळ्या लावते, रंग देते. तेच तेच लावून पाहून राह्यले. मले पाह्यलं का मोबाइल पालथा घालते. अन् आमच्या ओट्यामागची भित तं तुमाले मालूम हाय, बाबा. पोपडे पडते. मांगं डाळीत पडला. म्हनलं, मानूस भितीकडे तोंड करून पडूनच राह्यते, तं त्याच भितीचं काम द्यावं."

मनसाराम तलावाकडे बघत होते.

"बाबा, डोंगा देता का मले?"

"माजरीत कुठी चालवशील?"

"चालवाले नाई. तोडाले पायजे."

 मनसाराम उठले, आमच्या सगळ्यांवरून हात फिरवत डोंग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. 

"मी तोडतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नको."

त्यांनी दोन दिवस घेतले. एकेक खिळा पकडीनं हळूच उपटला. कुठं लाकूड चिरू नये म्हणून आधी खिळ्याभोवती तेल सोडलं. नऊ फळ्या धडधाकट निघाल्या. डोंग्याचं तोंड मात्र त्यांनी घरी नेलं आणि देवाजवळ ठेवलं. मग भाजीच्या पिकअपमध्ये आम्हांला भरलं आणि स्वतः आमच्यावरच बसून माजरीपर्यंत आले.

मिथुननं आम्हांला अंगणात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे कायले आनलं?" तो प्रेमिलाला म्हणाला. "माह्या हातानं काय होते आता? दोन बोटं गेली हायत माही. तुले दिसत नाई का?"

प्रेमिला आत निघून गेली. मनसारामांनी त्याला समजावलं नाही की चार शब्द ऐकवले नाहीत. त्यांनी दोन विटांवर मला ठेवलं, करवत काढली आणि म्हणाले, "जवाईबापू, फळी हलून राह्यली. जरा गुडघा देऊन धरा."

मिथुन उभाच राहिला. करवत चालू झाली आणि मी खरंच हलत होते. शेवटी तो वाकला आणि त्यानं माझ्यावर गुडघा ठेवला. थोड्या वेळानं डावा हातही ठेवला. मनसारामांचा गुडघा मी वर्षानुवर्षं अंगावर घेतला होता. हा गुडघा नवा होता, बिचकत ठेवलेला. तरी मला तो आवडला.

मनसाराम चार दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी रंधा मिथुनच्या हातात होता. डाव्या हातानं तो ओढायचा आणि उजव्याच्या उरलेल्या बोटांनी नुसता दाबायचा. रंधा दोनदा उडाला. त्यानं शिवी दिली आणि पुन्हा लावला. डांबर निघालं, पाण्यानं काळवंडलेलं अंग निघालं, आणि आत सोनेरी साग दिसला. मलाच माझा तो रंग माहीत नव्हता. चौथ्या दिवशी मनसारामांना तलावाच्या कामासाठी परतावं लागलं. जाताना ते एवढंच बोलले, "घाई करू नका. लाकूड घाईत आयकत नाई."

पण मिथुनला आता घाई झाली होती. पाच महिने पडून काढलेले, त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यानं भिंतीचे पोपडे वरवर खरवडले, आमच्या पाठीला सरस लावला आणि आम्हांला थेट भिंतीवर चिकटवलं. खिळ्यांची भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवली. मग प्रायमर आणि त्यावर पांढराशुभ्र ऑइल पेंट दिला. गॅसच्या अगदी मागेसुद्धा एक फळी लावली.

काय सांगू, मित्रांनो! ते सैपाकघर उजळून निघालं. शेजारच्या बायका बघायला आल्या. घरमालकीण कांताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो प्रेमिला, हे तं शयरातल्यावानी दिसते." मिथुन दारात उभा होता. त्यानं रुमाल घेतला नव्हता. त्या दिवशी त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आम्हां नऊ जणींनाही गर्व झाला. तलावातल्या एका म्हाताऱ्या डोंग्याचं असं काही होईल, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

तो गर्व फार दिवस टिकला नाही. माझी पाठ ओली राहू लागली. भिंतीतून कुठून तरी पाणी येत होतं आणि पुढून रंग असल्यामुळे ते बाहेर पडत नव्हतं. आषाढ गेला, श्रावण आला. आम्ही फुगलो. रंगाला बुडबुडे आले, फटींतून बुरशीचा वास येऊ लागला. गॅसमागची बहीण तर काळी पडली होती. प्रेमिलाला ते दिसत होतं, पण मिथुनचं मन दुखेल म्हणून ती बोलत नव्हती. मिथुनलाही दिसत होतं आणि तो भीतीनं बोलत नव्हता. मी बोलू शकत नव्हते. मला बोलता आलं असतं, तर मी सगळ्यांत आधी ओरडले असते.

एका संध्याकाळी प्रेमिला वरणाला फोडणी देत होती. माझ्या शेजारची फळी भिंतीपासून सुटली आणि गॅसवर आदळली. पातेलं उलटलं. उकळतं वरण प्रेमिलाच्या पायावर सांडलं.

मिथुन धावत आला. त्यानं आधी गॅस बंद केला, तिला उचलून मोरीत नेलं आणि पायावर गार पाणी ओतत राहिला. मग दवाखान्यात घेऊन गेला. पायाला पट्टी बांधून दोघं परत आले, तेव्हा त्यानं तिला खाटेवर बसवलं, पहार घेतली आणि आम्हांला एकेक करून भिंतीवरून ओरबाडून काढलं. अंगणात ढीग घातला.

"उद्या बंबात घालतो सगळ्या," तो म्हणाला.  "मी म्हनलंच होतं, माह्या हातानं काई होत नाई. तुह्या बाबाचा डोंगा बी गेला अन् तुहा पाय बी भाजला."

"पाय माहा भाजला ना?" प्रेमिला म्हणाली. "मी तं रडून नाई राह्यली."

"तू नाई रडत म्हनून काय झालं?"

"अजी, आयका. बाबानं डोंगा पहिल्यांदा पान्यात टाकला तवा मी पाळीवर उभी होती. घोट्याएवढं पानी भरलं होतं आत. सारं गाव हासत होतं. बाबानं डोंगा जाळला का? बाहेर काढला, कुठून पानी येते ते पाह्यलं, ताग भरला. तुमी पाह्यलं का, पानी कुठून येते ते?"

 मिथुन अंगणात आमच्या ढिगाजवळ जाऊन बसला. मला वाटलं, आता संपलं. पण त्यानं मला उचललं, उलटं केलं आणि माझ्या पाठीवर बोट फिरवलं. खालच्या टोकाला मी जास्त कुजकी होते, वर जरा कोरडी होते. त्यानं दुसरी फळी पाहिली. मग तिसरी. सगळ्या खालूनच ओल्या होत्या. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि सासऱ्यांना फोन लावला.

"मामाजी," तो म्हणाला, "फळ्या फुगल्या. प्रेमिलाचा पाय भाजला. चूक माही हाय."

पलीकडून मनसारामांनी आधी पायाचं विचारलं. पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "एका अंगाले रंग देल्ला अन् दुसरं अंग ओल्या भितीले चिटकवलं, तं लाकूड श्वास कुठून घेईन, जवाईबापू? दोन्ही अंगं सुकू द्या. भित अन् फळी, मधात हवा ठेवा. अन् पहिले ओल पाहा."

मला अजून आठवतं, मिथुन फोन ठेवून किती तरी वेळ "पहिले ओल पाहा, पहिले ओल पाहा" असं पुटपुटत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हांला बंबात घातलं नाही. पत्र्याच्या छपराखाली, दोन फळ्यांच्या मध्ये विटांचे तुकडे ठेवून, वारा लागेल अशी आमची चळत रचली. मग छिन्नी घेऊन भिंतीशी बसला. ओट्याखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक ओली रेघ होती आणि ओल तिथून वर चढत होती. भिंतीच्या पलीकडे कांताबाईची न्हाणी होती. तो तिच्याकडे गेला आणि न्हाणीची भिंत थोडी उकरू द्या म्हणाला.

"अन् नाई निंघालं काई तं?" कांताबाईनं विचारलं.

"तं मी बुजवून देईन. जसं होतं तसं."

आत पाइपाच्या जोडातून थेंब थेंब पाणी गळत होतं. किती वर्षांपासून, देव जाणे. मिथुननं तो जोड बदलला. पाना उजव्या हातात पकडता येईना, म्हणून त्यानं तो डाव्या हातानं फिरवला आणि उजव्या कोपरानं पाइप दाबून धरला. कांताबाई उभी राहून बघत होती. काम झाल्यावर ती हळूच म्हणाली, "दोघंतिघं येऊन पाहून गेले होते, मिथुनभाऊ. कोनाले समजलं नाई." गेल्या दहा महिन्यांत त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. तो मान खाली घालून अवजारं गोळा करत राहिला.

पाऊस सरला. भिंत वाळली. आम्हीही वाळलो. आमची कुजकी टोकं त्यानं वीतभर कापून टाकली. मला थोडं दुखलं, पण कुजलेलं गेलं की उरलेलं जगतं, हे मी शिकले. या वेळी त्यानं पॉलिश पेपरनं आम्हांला सगळीकडून घासलं आणि पुढून, मागून, कडेनं, अगदी चिरलेल्या टोकांनासुद्धा प्रायमर दिला. भिंतीला ड्रिलनं भोकं पाडली, त्यांत स्क्रू धरायला लाकडी गिट्ट्या ठोकल्या आणि आधी आडव्या पट्ट्या बसवल्या. त्यांवर आम्हांला स्क्रूनं लावलं. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये आता बोटभर हवा आहे. गॅसच्या मागे त्यानं लाकूड लावलंच नाही, तिथं स्टीलचा चकचकीत पत्रा बसवला. आम्ही त्याच्यापासून अंतर राखून आहोत. काळी पडलेली बहीण मात्र वाया गेली नाही. तिचा चांगला तुकडा कापून त्यानं मीठ-मसाल्याच्या बरण्यांसाठी छोटी फळी केली.

"रंग कोनता देऊ?" त्यानं प्रेमिलाला विचारलं.

प्रेमिला लंगडत ओट्यापाशी आली. "पांढरा नको," ती म्हणाली. "हयदीचे डाग दिसते. हिरवा द्या. जास्त गडद नको."

पहिला हात झाला. तो सुकू दिला. दुसरा हात तिसऱ्या दिवशी दिला. शेजारणी विचारायच्या, "झालं का?" मिथुन म्हणायचा, "नाई. सुकून राह्यलं." त्याची घाई गेली होती.

तेव्हापासून दुसरा पावसाळा होऊन गेला. माझी पाठ कोरडी आहे. कांताबाईनं आपलं सैपाकघर त्याच्याकडूनच करून घेतलं. मग तिच्या बहिणीनं बोलावलं. मग भद्रावतीहून एक बोलावणं आलं. मिथुन कुठंही गेला की रंगाचा डबा उघडण्याआधी भिंतीला कान लावतो, बोटांनी ठोकतो आणि विचारतो, "याच्या पलीकडे काय हाय?" लोकांना गंमत वाटते. त्याच्या हाताकडे आता कुणी फारसं पाहत नाही, आणि कुणी पाहिलंच तर तो लपवत नाही.

मागच्या महिन्यात मनसाराम आले. ते सैपाकघरात पाटावर बसले. प्रेमिलानं चहा दिला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकदा, मग पुन्हा एकदा. मला वाटलं, ते हात फिरवतील किंवा डोळे पुसतील. त्यांनी तसं काही केलं नाही. चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "जवाईबापू, आमच्या घरची बी भित लय खराब झाली हाय. मले आता वाकता येत नाई. तुमाले टाइम कधी हाय?"

 ज्यांनी मिथुनला गुडघ्यानं फळी धरायला सांगितलं होतं, तेच आज त्याच्याकडे काम मागत होते.

"येतो ना, मामाजी," तो म्हणाला. "रविवारी येतो. पहिले भित पायतो."

प्रेमिला पाठमोरी होऊन भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

मित्रांनो, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पाळीवर पडून होते त्या दिवसांबद्दलही नाही. सुतारानं मला घडवलं, मनसारामांनी जपलं आणि मन घट्ट करून सोडलं, प्रेमिलानं माझ्यात काम पाहिलं, आणि मिथुननं एकदा चुकून दुसऱ्यांदा नीट केलं. या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुमच्याही घरात ओट्यामागे एखादी भिंत असेल. तिच्यावर तेल उडालं तर ते ताजं असतानाच ओल्या फडक्यानं पुसा आणि मग कोरडं फडकं फिरवा. कुठं पोपडा दिसला तर त्यावर नुसता रंग देऊ नका, आत पाणी कुठून येतं ते शोधा. आणि घरातलं एखादं माणूस बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून झोपलेलं दिसलं, तर त्याला फार उपदेश करू नका. जवळ जा, आपलं काम त्याच्यासमोर मांडा आणि म्हणा, "जरा इकडून धरता का?"